इंदूरच्या घराचा किराणा: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

प्रश्न सुदामानगरच्या एका ताईंचा आहे. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई. त्या विचारतात, "घरात शक्य तितकं नैसर्गिक, कमी भेसळीचं आणायचं आहे. ऑरगॅनिकच्या दुकानात गेलं की बिल दुप्पट होतं. मग नेमकं काय बदलू, कुठून घेऊ आणि खरं-खोटं ओळखू कसं?"

ताई, सगळं एकदम बदलायला जाऊ नका. ज्या घरांत एका महिन्यात पूर्ण किराणा पालटतो, तिथे तिसऱ्या महिन्यात तेलाला वास येतो, पिठात अळ्या होतात, मुलं नाचणीचं नाव काढू देत नाहीत आणि गाडी परत जुन्या यादीवर येते. घरातल्या अन्नाचा मोठा वाटा गहू-तांदूळ, डाळी, तेल, दूध, भाजी आणि मसाले एवढ्यांतूनच येतो. पैसे आणि लक्ष तिथे घाला. चिया, क्विनोआ, ऑरगॅनिक साखर, हिमालयातलं गुलाबी मीठ यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तू जितकी अखंड घ्याल तितकी ती तपासता येते. दाणा, हळकुंड, अख्खी मिरची, अख्खे धणे हे डोळ्यांना, नाकाला, दातांना कळतात. एकदा पूड झाली की भेसळही लपते आणि जुनेपणाही लपतो. बाकी सगळा सल्ला या एका गोष्टीतून निघतो.

आधी मापं बघू, कारण बिल तिथेच आटोक्यात येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असा हिशोब दिला आहे. लहान मूल आणि सासूबाई धरून तुमचं घर साडेचार माणसांचं माना. म्हणजे महिन्याला धान्य साधारण ३४ किलो, डाळी-कडधान्यं साडेअकरा किलो, तेल-तूप साडेतीन किलो आणि भाजी रोज पावणेदोन किलो. आता तुमच्या गेल्या महिन्याच्या बिलाशेजारी हे आकडे ठेवा. बहुतेक घरांत डाळ याच्या निम्मी, भाजी निम्मी आणि तेल दीडपट निघतं, तेही बाहेरच्या नमकीनमधलं तेल न मोजता.

म्हणून सुरुवात तेलापासून करा. अर्धा किलो तूप धरलं तर तेल तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटर. पाच लिटरचा डबा आणून तो महिन्यात संपवणाऱ्या घराने मापावर येऊन लाकडी घाण्याचं तेल घेतलं, तर दर जास्त असूनही खर्च फारसा वाढत नाही. माप पाळायचं तर डब्यातून थेट कढईत तेल ओतणं बंद करा. आठवड्याचं पाऊण लिटर बरणीत काढा आणि चमच्याने वापरा.

घाण्याच्या तेलाचा खरेपणा हिशोबाने कळतो. एक किलो शेंगदाणा तेलाला घाण्यावर साधारण अडीच किलो दाणे लागतात आणि दीड किलोच्या आसपास पेंड उरते. समजा दाणे १२० रुपये किलो आहेत, तर नुसत्या दाण्यांचे ३०० झाले. पेंडीची किंमत वजा करा, गाळणावळ आणि नफा धरा. त्याहून खूपच स्वस्तात कुणी "शुद्ध घाण्याचं" देत असेल, तर त्यात दुसरं तेल आहे असं समजा. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे घाणेवाल्याकडचीही बंद बाटलीच घ्या आणि तिच्यावर गाळल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक पाहा. हे तेल दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा आणि स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. शेगडीच्या शेजारची पारदर्शक बाटली दिसायला छान असते, पण उष्णता आणि उजेड या दोन्हींनी तेल लवकर खवट होतं. फोडणीला, भाजीला घाण्याचं तेल उत्तम. तळणाला ते फेसाळतं आणि लवकर धूर धरतं, तिथे रिफाइंड शेंगदाणा चालेल. छोट्या कढईत थोडंच तेल घ्या, उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला वापरून टाका.

माळव्यात सोयाबीन तेल घरोघरी आहे आणि ते विष असल्याचे संदेश फिरत असतात. ते खरं नाही. नुकसान होतं ते प्रमाणाने आणि पुन्हापुन्हा तापवण्याने. मात्र पिठात कच्चं सोयाबीन दळून घालू नका. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो, तो प्रथिनांचं पचन अडवतो. दाणे अर्धा तास उकळत्या पाण्यात शिजवून, खडखडीत वाळवून मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळा. पाकिटावर पुढे ऑलिव्ह किंवा राइस ब्रानचं चित्र असेल, तर मागे "ब्लेंडेड" लिहिलंय का पाहा. मिश्र तेलात कुठलं तेल किती टक्के, ते छापावंच लागतं.

गव्हाच्या बाबतीत इंदूरसारखी सोय फार थोड्या शहरांना आहे. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, छावनी आणि लक्ष्मीबाईनगर मंडीच्या आसपासच्या दुकानांत वाण बघून घेता येतो, आणि सांवेर, देपालपूरकडचे शेतकरी घरपोचही देतात. महिन्याला २० किलो गहू धरला तर वर्षाचा अडीच क्विंटल. जागा नसेल तर सहा महिन्यांचाच घ्या. रोजच्या पोळ्यांना लोकवन किंवा शरबती. सीहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बऱ्याच पोत्यांवर सीहोरचं नाव दिसतं. जास्तीचे पैसे देण्याआधी पाच किलो आणून पोळ्या करून बघा. बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या), दलिया, रवा यांसाठी कठिया, म्हणजे ड्युरम गहू घ्या. इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रात तयार झालेलं पूसा तेजस हे कठिया वाण दलियाला फार चांगलं. दाणा टणक, काचेसारखा, अंबरी रंगाचा दिसतो.

पोत्यात हात कोपरापर्यंत घाला आणि तळाचे दाणे काढा. वरचे दाणे नेहमीच सुरेख असतात. एक दाणा दाढेखाली फोडा: कट्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळलेला आहे, दाबला जाऊन चेपला तर ओल आहे. साठवणीला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा, नाहीतर कितीही कडुनिंबाचा पाला घाला, किडे होणारच. घरी आणलेला गहू दोन कडक उन्हं दाखवून, रात्रभर गार करून मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि कीड तिथून सुरू होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धान्याच्या कोठीत सल्फासची, म्हणजे कीड मारायची विषारी गोळी कधीही ठेवू नका. तिच्यातून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने मरतात. दुकानदाराने कागदात बांधून दिली, "सगळेच ठेवतात" म्हणाला, तरी घरात आणू नका. घट्ट झाकणाची कोठी, पूर्ण वाळलेलं धान्य आणि महिन्या-दीड महिन्याने एक नजर, एवढं पुरतं.

चक्कीवरून पीठ गरम येतं. ते परातीत पसरून गार होऊ द्या, मग डब्यात भरा. पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्तीचं दळून आणू नका आणि बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नका. तंतू आणि खनिजांचा मोठा वाटा त्यातच असतो. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो आणि दळल्यावर तो लवकर बिघडतो. बाजरी एका वेळी किलोभरच दळा. ब्राऊन तांदळाचंही तेच, दोन-तीन महिन्यांहून जास्तीचा साठा नको. मुलांना तो आवडत नसेल तर हट्ट धरू नका, कमी पॉलिशचा तांदूळ घ्या. बालाघाटचा चिन्नौर आपल्याच राज्यातला आणि वासाचा आहे. खपली गहू मधुमेहींसाठी म्हणून तिप्पट दराने विकला जातो. तो चांगला गहू आहे, पण त्यातही ग्लूटेन असतंच, आणि पोळ्यांची संख्या तीच राहिली तर साखरेवर फार फरक पडत नाही.

ज्वारी, मका इथलेच आहेत. कोदो-कुटकी ही बारीक भरडधान्यं मंडला-डिंडोरीकडून येतात. कोदो मात्र पारखून घ्या. कापणीच्या वेळी पाऊस लागून बुरशी धरलेल्या कोदोत विषारी द्रव्य तयार होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बांधवगडला दहा हत्ती मेले, ते असंच बुरशी लागलेलं कोदो खाऊन. काळपट डाग किंवा कुबट वास आला तर स्वस्त असूनही सोडून द्या. उपासाच्या मोरधनाचंही, म्हणजे आपल्या भगरीचं, पीठ सुटं घेऊ नका. दाणे आणून धुऊन, वाळवून घरी दळा. सणासुदीला भगरीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक जुन्या, ओल लागलेल्या पिठाच्याच असतात.

डाळींसाठी इंदूर मोठं गिरणी-केंद्र आहे, त्यामुळे ताजी डाळ मिळणं सोपं. दुकानात तुरीच्या डाळीला "सवा नंबर", "फूल", "बोल्ड" अशी नावं ऐकाल. ती दाण्याच्या आकाराची आणि दिसण्याची प्रत आहे, पोषणाची नाही. चकचकीत, हाताला गुळगुळीत लागणारी डाळ पाणी-तेलाने पॉलिश केलेली असते. बिनपॉलिशची डाळ मंद पिवळी, थोडी पिठूळ असते, पण शिजल्यावर चव तिलाच जास्त. रंगाची शंका असेल तर मूठभर डाळ कोमट पाण्यात टाका. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर ती डाळ परत करा. तूर-हरभऱ्याच्या डाळीत लाखेची (खेसारी) डाळ मिसळते. तिचा दाणा गोल नसून एका बाजूला चपटा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिरपा असतो. रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेली तर पायांचा लकवा होतो. अख्ख्या डाळीत ती दिसते, बेसनात दिसत नाही. म्हणून बेसन विकत आणू नका, हरभरा डाळ निवडून किलो-किलो दळून आणा. आणि डाळीचं माप वाढवताना सालासकट मूग, मटकी, चवळी, अख्खा मसूर वाढवा. त्यांचं साल शाबूत असतं, भिजवून मोडही येतात.

मसाल्यांकडे मी तेलाइतकंच लक्ष देईन. वजन थोडं असलं तरी विषारी रंगाची शक्यता इथे सगळ्यांत जास्त. घराला वर्षाला साधारण एक किलो हळद, दोन किलो मिरची, दोन किलो धणे लागतात. सियागंज किंवा मारोठिया बाजारात एकदा फेरी मारली की वर्षाचं काम होतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. मिरचीसाठी निमाड शेजारीच आहे, खरगोन जिल्ह्यातली बेडिया मंडी तिच्यासाठीच ओळखली जाते. मिरची देठासकट घ्या, हातात चुरडली तर कुरकुरीत मोडली पाहिजे. लवचिक, ओलसर मिरची वजनाला भरते आणि आतून बुरशी धरते. दोन-चार मिरच्या फोडून आत करडा-काळा थर आहे का बघा.

हळकुंड निवडताना सर्वांत पिवळंधमक दिसणारं सोडून द्या. चांगलं हळकुंड बाहेरून मातकट, थोडं सुरकुतलेलं असतं आणि मोडल्यावर आत गडद नारिंगी निघतं. बाहेरून भडक आणि आतून फिकं असेल तर वरून रंग चढवलेला आहे. हा रंग बऱ्याचदा लेड क्रोमेट असतो, म्हणजे शिसं, आणि शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला थेट धोका देतं. पारखण्यासाठी अख्खं हळकुंड काचेच्या ग्लासात पाण्यात टाका. चांगल्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं, रंगवलेलं लगेच पिवळं सोडतं. पुडीवरची पाण्याची परीक्षा इतकी भरवशाची नाही. मिरचीपुडीत विटेची पूड तळाशी बसते, पाण्यात विरघळणारा रंग रेघांनी खाली उतरताना दिसतो, पण सुदान रंग तेलात विरघळतो आणि पाण्यात काहीच दाखवत नाही. म्हणजे पाण्याच्या परीक्षेत पास झालेली पूड शुद्धच असेल असं नाही. हळकुंडं खलबत्त्यात फोडून, उन्हात कडक करून मसाल्याच्या चक्कीवर न्या आणि आपल्या आधी काय दळलं ते विचारा. सगळं एकदम दळू नका, तीन-तीन महिन्यांचं दळा. दळताना आणि नंतर उडून जाणारं सुगंधी तेल हाच मसाल्याचा जीव आहे. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी सापडतं. मोहरी गुळगुळीत आणि फोडल्यावर आत पिवळी, धोत्र्याचं बी खरबरीत आणि आत पांढरं. एवढं डोळ्यांनी कळतं. हिंगाच्या डबीवर "बांधानी हिंग" असेल तर त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ असणारच, ती भेसळ नव्हे.

गुळाचं उलट आहे: जितका पिवळा-पांढरा तितका संशय. रस स्वच्छ दिसावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट ही रंग उडवणारी पूड) टाकतात, त्याने सल्फर उरतं. गडद तपकिरी, मऊसर, किंचित खारट न लागणारा गूळ घ्या, नरसिंहपूर जिल्ह्यातल्या करेलीचा इकडे सहज मिळतो. पण गूळ ही साखरच आहे. साखर आणि गूळ मिळून महिन्याला तीन किलोच्या आत राहा, आणि बिस्किटं, सरबतं घरात येत असतील तर त्याहूनही कमी. मध थंडीत गोठला तर तो खोटा ठरत नाही, आणि पाण्यात धार सोडून बघायच्या युक्त्यांनी कारखान्यात केलेली भेसळ ओळखता येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.

दुधाबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी असते. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. थेट भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत, पण अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं ३६८ नमुन्यांत. म्हणजे युरिया-साबणाच्या चर्चेपेक्षा जनावराला काय खाऊ घालतात हा प्रश्न मोठा. सुटं दूध घेत असाल तर दूधवाल्याला हे विचारा: सरकीची पेंड कुठे साठवतोस, पावसाळ्यात ओल लागते का? ज्याचा गोठा जाऊन बघता येतो त्याच्याकडूनच घ्या. लॅक्टोमीटर नुसतं पाणी पकडतो, पाण्याबरोबर साखर टाकली तर फसतो. ते जमत नसेल तर सांचीसारख्या सहकारी दुधाचं पाकीट बरं. टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, फुल क्रीममध्ये ६. मुलांना फुल क्रीम, मोठ्यांना टोन्ड अशी दोन पाकिटं सहज जमतात. पाकिटाचं दूध पाश्चराइज्ड असतं, ते दहा-दहा मिनिटं आटवत बसायची गरज नाही. दिवाळी-राखीच्या आधी सुटा मावा आणि पनीर टाळा. पनीर घरी करा, लिटरभर फुल क्रीम दुधातून दोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं. बाहेरच्या माव्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकून निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे.

भाजीसाठी चोइथराम मंडी स्वस्त पडते, पण तिथे माप मोठं घ्यावं लागतं. दोन-तीन शेजारणी मिळून आठवड्यातून एकदा जा, पालेभाजी मात्र रोजची दारावरून घ्या. हंगाम पाळला की निम्मं काम होतं. थंडीत मटार, मेथी, चाकवत, गाजर, गराडूचा कंद, पावसाळ्यात भुट्टे, पुढे सीताफळ आणि जाम, म्हणजे पेरू. बिनहंगामी फ्लॉवर आणि टोमॅटोवर फवारे जास्त मारावे लागतात. पालक-मेथीवाल्याला शेत कुठलं, पाणी विहिरीचं की नाल्याचं, हे विचाराच. नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतला जड धातू धुऊन जात नाही. भेंडी, परवळ, मटार यांवर हिरव्या रंगाची शंका आली तर तेलात बुडवलेला कापूस घासून पाहा. धुण्यासाठी साबण नको. वाहत्या पाण्याखाली चोळणं पुष्कळ काम करतं. सफरचंदासारख्या गुळगुळीत फळांसाठी लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा. त्याने सालीवरचा अंश निघतो, आत मुरलेला नाही.

आंबा-केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड बेकायदा आहे, इथिलीन वायू कायदेशीर आहे. कार्बाइडचा आंबा सगळीकडून सारखा पिवळा, पण कडक आणि बिनवासाचा असतो. मेच्या आधी आंबा न घेणं हा त्यावरचा सोपा उपाय.

आता ऑरगॅनिक. मध्य प्रदेशात प्रमाणित सेंद्रिय क्षेत्र देशात सर्वांत जास्त आहे, तेव्हा माल आहे, फक्त खरा शोधावा लागतो. बंद पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह, आणि इंडिया ऑरगॅनिक किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासून द्यायचं) यांतलं एक प्रमाणन पाहा. "पीजीएस ग्रीन" म्हणजे शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे, "पीजीएस ऑरगॅनिक" म्हणजे पूर्ण. नुसतं "नॅचरल", "फार्म फ्रेश", "देसी" लिहिलेलं असेल तर त्यामागे कुठलंही प्रमाणपत्र नसतं. प्रमाणपत्र नसलेल्या छोट्या शेतकऱ्याकडून घ्यायला हरकत नाही, पण शेत बघा आणि विचारा: तण कसं काढता, गव्हाआधी काय होतं, साठवताना काय टाकता? खरं करणारा माणूस खुरपणीच्या मजुरीची, फेरपालटाची तक्रार तरी करतो. "काहीच टाकत नाही, आपोआप येतं" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. पैसे मोजके असतील तर ऑरगॅनिक यांच्यावर खर्च करा: पालेभाज्या, कोथिंबीर, द्राक्षं, सालासकट खायची फळं, आणि मुलं रोज खातात ते धान्य. कांदा, लसूण, नारळ, केळी, मटार साधे चालतील.

पाकिटबंद वस्तूचा पुढचा भाग वाचूच नका, थेट मागचे घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. एक "मल्टिग्रेन" बिस्किट समजा: पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल, आणि ज्या ओट्स-नाचणीचं चित्र पुढे आहे ते चार-दोन टक्के. साखर लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनीही येते, आणि जवळपास तेच काम करणारं माल्टोडेक्स्ट्रिन साखर म्हणून मोजलंही जात नाही. पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमचा रकाना बघा, एका सर्व्हिंगचा नाही. साखर २४ ग्रॅम म्हणजे सहा चमचे. ब्राऊन ब्रेडच्या घटकांत १५० हा आकडा दिसला तर तो कॅरॅमलचा रंग आहे. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींना "हेल्थ ड्रिंक" म्हणता येईल अशी कुठलीही व्याख्या आपल्या अन्नकायद्यात नाही. २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना ते सदर काढायला सांगण्यात आलं.

सासूबाईंसाठी आणि खरं तर सगळ्या घरासाठी, इंदुरात सर्वांत मोठा बदल नमकीनचा आहे. सकाळचे पोहे वाईट नाहीत. त्यावर पडणारी मूठभर सेव आणि जीरावण हा खारट मसाला यांचा विचार करा. १०० ग्रॅम सेवेत ३५ ते ४० ग्रॅम तेल असतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या मुठीतून दहा-बारा ग्रॅम, दिवसाच्या मापाचा जवळपास निम्मा भाग. सेवेऐवजी भाजलेले दाणे, डाळिंबाचे दाणे, ओलं खोबरं, भरपूर कोथिंबीर-लिंबू घाला. नमकीनचा किलोचा पुडा घरात ठेवू नका. पाव किलो आणा, संपला की पुढच्या आठवड्यापर्यंत नाही.

मिठाचं माप दिवसाला माणशी पाच ग्रॅम. म्हणजे तुमच्या घराला महिन्याला पाऊण किलोच्या आत, आणि यात पापड, लोणचं, ब्रेड, सॉस, नमकीन सगळं आलं. किलोचा पुडा महिन्याआधी संपत असेल तर तिथून सुरुवात करा. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे, त्याने ब्लडप्रेशरला सूट मिळत नाही, उलट बहुतेक सैंधवात आयोडिन घातलेलं नसतं. रोजचं मीठ आयोडिनचंच ठेवा. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनीच्या त्रासात ते धोक्याचं ठरतं, तेव्हा सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

बदलाचा क्रम असा ठेवा: या महिन्यात तेलाचं माप आणि नमकीन, पुढच्या महिन्यात डाळी-बेसन आणि भाजीचं वजन, मग हंगाम येईल तसे मसाले आणि गहू. तेल-नमकीनमधून वाचलेले पैसे डाळ-भाजीला पुरतात, त्यामुळे बिल दुप्पट होत नाही.

एखादी वस्तू खोटी वाटली तर बिल आणि पाकीट फेकू नका, पाकिटावरचा बॅच नंबर लागतो. १८१ या सीएम हेल्पलाइनवर किंवा एफएसएसएआयच्या १८००११२१०० वर तक्रार करता येते. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कुठलाही ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं की हे मी तपासणीसाठी देणार आहे. अहवाल वाईट आला तर भरलेलं शुल्क परत मिळतं.